सातबाऱ्यावर नसलेले नाव

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

कोल्हापूरशेजारच्या पाचगावच्या रानाला गुंठ्याचा काय दर आला, बिल्डर निम्मी रक्कम कधी देणार, थोरल्याला फ्लॅट हवा की रोकड, हे सारे तू सविस्तर लिहिलेस. ते रान वीस वर्षे वाट्याने कसणाऱ्या घराविषयी मात्र 'त्यांचे काय करावे समजत नाही' एवढेच. सातबाऱ्यावर ज्याचे नाव नाही, त्याच्याशी आधी बोल. इसार घेण्यापूर्वी बोल.

कुळकायद्याने १ एप्रिल १९५७ या कृषकदिनी दुसऱ्याची जमीन कसणारी अनेक कुळे तिची मालक झाली आणि त्याच धास्तीने पुढे कित्येक मालकांनी वाट्याचा व्यवहार तोंडी ठेवून पीकपाहणीला स्वतःचे नाव लावले. म्हणून लागण, पाण्याच्या पाळ्या, रात्रीची मोटर वाटेकऱ्याची, आणि कागदावर तो नाहीच. वकिलाच्या मते त्यांचा हक्क निघत नाही, हे मला लिहू नकोस. १९७२ साली कोल्हापूरची महापालिका झाली तेव्हा हद्द वाढली नाही, शहर ग्रामपंचायतींच्या शिवारात पसरले, बंगले उठले आणि दर चढला. त्या दरात तुझे तरी कष्ट किती?

पंचवीस वर्षांपूर्वी मोरेवाडीकडचे माझे तीस गुंठे मी विकले. उसाचे बिल थकले होते, मुलीचे लग्न ठरले होते. त्या पैशातला एक रुपयाही मी उधळला नाही, हे तुला ठामपणे सांगतो. तरीही विक्रीची बातमी माझ्या वाटेकऱ्याला मोजणीला आलेल्या माणसाकडून कळली. आज त्याची सून त्याच जागेवरच्या बंगल्यांत धुणीभांडी करते आणि रस्त्यात भेटली की मला वाकून नमस्कार करते. तो नमस्कार मला घेववत नाही.

तेव्हा सातबाऱ्यावर ज्याचे नाव नाही, त्याच्याशी आधी बोल. मंजूर लेआउटमधला एक प्लॉट त्या घरातल्या बाईच्या नावे करून देण्याची अट बिल्डरच्या करारातच घाल. भाऊ चिडेल, चिडू दे, बाळा.

पुढच्या पत्रात दर नको, त्या घरातल्या माणसांची नावे लिही. रविवारी मी सकाळच्या के.एम.टी. बसने येतो, दोघे मिळून त्यांच्याकडे जाऊ.