समलिंगी विवाह, कलम १४ आणि दोनशे रुपयांचा मुद्रांक

१७ ऑक्टोबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने समलिंगी विवाहाला मान्यता नाकारली. त्याबद्दलची पत्रं अजून थांबलेली नाहीत. त्यांतले पाच प्रश्न आज घेते.

प्रश्न : २०१८ मध्ये याच न्यायालयाने समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ च्या कचाट्यातून आम्हाला सोडवलं. मग लग्नाच्या वेळी ३ विरुद्ध २ असा नकार का?

आधी एक दुरुस्ती. लग्नाच्या मुद्द्यावर पाचही न्यायमूर्तींचं एकमत होतं. विवाह हा घटनेने दिलेला मूलभूत हक्क नाही आणि विशेष विवाह कायद्यात समलिंगी जोडपी बसवणं न्यायालयाच्या हातात नाही, असं पाचही जण म्हणाले. ३-२ अशी फूट पडली ती सिव्हिल युनियन (म्हणजे लग्न न म्हणता जोडप्याला दिलेली कायदेशीर मान्यता) आणि दत्तक या मुद्द्यांवर. तेव्हाचे सरन्यायाधीश चंद्रचूड आणि न्या. कौल तिथे अल्पमतात गेले.

२०१८ मध्ये न्यायालयाला फक्त सरकारचा हात मागे घ्यायला लावायचा होता. दोन सज्ञान माणसांच्या खोलीत पोलिसांचं काम नाही, एवढं म्हटलं की पुरे होतं. लग्न म्हणजे कायद्याने बहाल केलेला दर्जा, त्यासाठी कुणीतरी नोंदवही उघडावी लागते.

प्रश्न : विशेष विवाह कायद्यात ‘कोणत्याही दोन व्यक्ती’ असे शब्द आहेत. मग घटनेच्या कलम १४ मधली समानता गेली कुठे?

शब्द आहेत, त्या कायद्याच्या कलम ४ च्या सुरुवातीलाच. पण त्याच कलमात खाली पुरुषाचं वय २१ आणि स्त्रीचं १८ हवं असं येतं. पुढे पोटगी फक्त पत्नीला आणि घटस्फोटाची काही जादा कारणंही फक्त पत्नीलाच. एक शब्द बदलला की दहा कलमं उसवतात, ही अडचण खरी आहे.

बहुमतातले न्या. भट यांचं म्हणणं असं, की १९५४ चा हा कायदा आंतरधर्मीय लग्नांची सोय म्हणून आला, कुणाला वगळायला नव्हे. म्हणून त्यात भेदभाव नाही. मला हे पटत नाही. हेतू निर्मळ होता म्हणून दाराबाहेर उभा असलेला माणूस आत येत नाही. बरं, भविष्य निर्वाह निधी, कर्मचारी विमा अशा लाभांना ही जोडपी मुकतात, हा अप्रत्यक्ष भेदभाव आहे, हेही त्यांच्याच निकालपत्रात आहे! न्या. कौल यांनी तर कायदा कलम १४ चा भंग करतो असं लिहिलं, पण त्यावर न्यायालयीन इलाज सापडत नाही असंही म्हटलं. सरन्यायाधीशांपुढचा पेच असा होता : कायदा रद्द करावा तर आंतरधर्मीय जोडप्यांचा आसरा जातो, त्यात शब्द घालावेत तर ते संसदेचं काम.

प्रश्न : इतर देशांतल्या न्यायालयांना हा पेच पडला नाही का?

पडला की. दक्षिण आफ्रिकेच्या घटना न्यायालयाने १ डिसेंबर २००५ रोजी संसदेला १२ महिन्यांची मुदत दिली. तेवढ्यात कायदा झाला नाही, तर ‘किंवा जोडीदार’ हे शब्द जुन्या विवाह कायद्यात आपोआप आले असं समजायचं, हेही सांगून ठेवलं. नवा कायदा ३० नोव्हेंबर २००६ ला लागू झाला, मुदतीच्या अगदी काठावर. तैवानमध्ये २०१७ च्या निकालाने दोन वर्षं दिली आणि मे २०१९ मध्ये तिथे नोंदणी सुरू झाली. अर्थात दक्षिण आफ्रिकेच्या घटनेत लैंगिक कल हा शब्दच लिहिलेला आहे. आपल्याकडे तो २०१८ च्या निकालाने भेदभावाला मनाई करणाऱ्या कलम १५ मधल्या ‘लिंग’ या शब्दात वाचला.

मुदत देण्याची ही वाट आपल्या न्यायालयाने धरली नाही. या जोडप्यांना कोणते लाभ द्यायचे हे पाहण्याचं काम गेलं मंत्रिमंडळ सचिवांच्या समितीकडे, म्हणजे ज्या सरकारने याचिकांना विरोध केला त्याच्याच दारात. २०२४ मध्ये संयुक्त बँक खातं आणि एकत्र रेशन कार्ड यांबद्दल सूचना निघाल्या, हे मात्र नोंदवायला हवं. पुनर्विचार याचिका ९ जानेवारी २०२५ रोजी दालनातच, खुल्या सुनावणीशिवाय, फेटाळल्या गेल्या.

प्रश्न : मी ट्रान्स स्त्री आहे, जोडीदार पुरुष आहे. आम्हालाही लग्न बंद?

नाही. याच निकालात पाचही न्यायमूर्तींनी तुमचा हक्क प्रचलित कायद्यांखाली मान्य केला आहे.

प्रश्न : आम्ही दोघी दहा वर्षं एकत्र राहतो. फ्लॅट माझ्या नावावर आहे. माझ्यानंतर तो तिला मिळेल?

तुम्ही हिंदू आणि अविवाहित आहात असं धरते. मृत्युपत्र नसेल तर फ्लॅट आई-वडिलांकडे जाईल, ते नसतील तर वडिलांच्या वारसांकडे. तिचं नाव त्या यादीत कुठेच नाही.

आत्ताच बक्षीसपत्र करायचा मोह होईल. महाराष्ट्रात पतीला राहतं घर बक्षीस दिलं असतं तर मुद्रांक शुल्क २०० रुपये, स्थानिक अधिभार वेगळा. तिला द्यायचं तर बाजारमूल्यावर, विक्रीखतासारखं पूर्ण. शिवाय ती प्राप्तिकराच्या दृष्टीने ‘नातेवाईक’ नाही, त्यामुळे फ्लॅटची किंमत तिचं उत्पन्न धरली जाईल. समानता म्हणजे काय, हे मला या फरकातून जेवढं कळलं तेवढं निकालपत्रांतून नाही.

मृत्युपत्राने मिळालेल्या मालमत्तेवर हा कर नाही, म्हणून तेच करा. साधा कागद चालतो, मुद्रांक लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही, पण करून घ्या. दोन साक्षीदार हवेत आणि त्यांत ती नको. बँकेत तिला नॉमिनी केलंत म्हणून निर्धास्त राहू नका, कारण नॉमिनी पैसे ताब्यात घेतो, मालक वारसच ठरतो. आणि मृत्युपत्राची मूळ प्रत माहेरच्या कपाटात ठेवू नका.