कोठडीतला भाऊ, बंद पडलेली औषधं

प्रश्न : भाऊ चोरीच्या गुन्ह्यात न्यायालयीन कोठडीत आहे. स्किझोफ्रेनियाची औषधं आत गेल्यापासून बंद आहेत. काय करू? (एक बहीण, सोलापूर)

ताई, आधी कागद गोळा करा. केसपेपर, डॉक्टरांच्या चिठ्ठ्या, मेडिकलची बिलंसुद्धा. माझ्याकडे एक आई दुधाच्या पिशवीत जपलेला केसपेपर घेऊन आली होती. घडीवर चिरलेला, तारीख आणि डॉक्टरांची सही तेवढी वाचता येत होती. तेवढ्यावर न्यायाधीशांनी त्याच दिवशी तपासणीचा आदेश दिला.

एक संच अर्जासोबत कारागृह अधीक्षकांना द्या, पोच घ्या, दुसरा वकिलांकडे. वकील नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. कोठडीतल्या माणसाला मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही.

प्रश्न : गुन्हा अजामीनपात्र आहे. तरी घरी ठेवून उपचार करता येतील?

येतील. आजारामुळे तो खटल्यात स्वतःचा बचाव करू शकत नाही, असं कोर्टाला आढळलं, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं, म्हणजे फौजदारी खटला कसा चालवायचा ते सांगणाऱ्या कायद्याचं, कलम 369 (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतलं 330) लागू होतं. भरती करण्याची गरज नसेल आणि नातेवाईक किंवा मित्रानं ओपीडीत नियमित नेण्याची, कुणाला इजा होऊ न देण्याची हमी दिली, तर गुन्हा अजामीनपात्र असला तरी जामीन देता येतो. साध्या जामीनअर्जात हे कलम राहूनच जातं आणि अर्ज फेटाळला जातो, याचं मला फार वाईट वाटतं. वकिलांना ते घालायला लावा. कोण, कुठल्या दवाखान्यात, कुठल्या वारी नेणार, हेही हमीपत्रात लिहा.

तो बचाव करू शकत असेल, तर आजारपणाच्या कारणावर याच संहितेच्या कलम 480 खाली जामीन मागा.

प्रश्न : त्याला घरी आणायची आम्हाला भीती वाटते.

मग हमी देऊ नका; यात लाज कसली? अशा वेळी नियमित मानसोपचार मिळतील अशा ठिकाणी त्याला ठेवण्याचा आदेश कोर्टानं द्यायचा असतो.

प्रश्न : 'वेडा' ठरला तर जन्मभर आतच राहील का?

ही भीती खोटी नाही. आसामचे मचांग लालुंग 1951 मध्ये पकडले गेले आणि तेजपूरच्या मनोरुग्णालयात गेले. 1967 मध्ये डॉक्टरांनी ते बरे असल्याचं सांगितलं, तरी सुटले 2005 मध्ये. मधली वर्षं त्यांच्यासाठी कोर्टात कुणी उभंच राहिलं नाही. म्हणून भाऊ रुग्णालयात गेला तरी तारखा सोडू नका. दर तारखेला डॉक्टरांचा ताजा अहवाल मागवायला वकिलांना सांगा, आणि त्याची नक्कल स्वतःजवळ ठेवा.