जपानी भयकथाकार जुंजी इतोची 'द एनिग्मा ऑफ अमिगारा फॉल्ट' ही चित्रकथा (मांगा) वाचली, पण भीती काही वाटली नाही. लोक तिला इतकं डोक्यावर का घेतात?

शेवट सांगितल्याशिवाय याचं उत्तर देता येणार नाही. ज्यांनी वाचली नाही त्यांनी इथेच थांबा, कथा तीसेक पानांचीच आहे.

तुम्ही ती फोनवर, एकाखाली एक चित्रं सरकवत वाचली असेल तर बराचसा परिणाम तिथेच गेला. धक्क्याचं चित्र पान उलटल्यावरच दिसावं, असं इतो बेततो. सरकवताना ते खालून हळूहळू डोकावतं आणि धार जाते. शिवाय चौकटी उजवीकडून डावीकडे वाचायच्या असतात. नवख्या वाचकाचं तिथे चुकतं आणि संवाद उलटसुलट लागतात.

आता मुख्य आक्षेप. "त्या भोकात शिरायचं कशाला? सरळ घरी जा की!" असं म्हणणारे पुष्कळ आहेत. भूकंपानंतर अमिगारा डोंगराचा कडा उघडा पडतो आणि त्यावर माणसांच्या आकाराची असंख्य भोकं दिसतात. टीव्हीवर ती पाहून लोक येतात, कारण त्यांना त्यात आपलाच आकार दिसलेला असतो. त्यांच्यातलाच नाकागाकी कपडे उतरवतो आणि हे भोक माझ्यासाठीच कोरलंय म्हणत आत शिरतो. भूत नाही, राक्षस नाही, कोणी ढकलतही नाही. भीती आहे ती या ओढीची. तिथेच आलेल्या योशिदा या तरुणीला स्वतःचं भोक सापडतं तेव्हा ती हादरते. कथानायक ओवाकी ते दगडांनी बुजवतो, आणि त्याला झोप लागल्यावर तीच दगड काढून आत जाते. माझ्या मते कथेचा जीव या प्रसंगात आहे, शेवटच्या चित्रात नाही.

गर्दीचं म्हणाल तर ती जपानी वाचकाला अजिबात खोटी वाटणार नाही. 1995 च्या कोबे भूकंपात अवाजी बेटावर वर आलेली नोजिमा फॉल्ट, म्हणजे जमिनीतली भेग, तिथे संग्रहालयात जपून ठेवलीय, लोक बघायला जातात.

शेवटाची ताकद न दाखवण्यात आहे. आत पुढे सरकता येतं, मागे फिरता येत नाही. काही महिन्यांनी डोंगराच्या पलीकडच्या अंगाला भोकं सापडतात ती लांबुळकी, वेडीवाकडी. मधल्या काळात शरीराचं काय झालं असेल, हा हिशेब वाचक स्वतः करतो. जो तो करत नाही त्याला शेवटचं चित्र नुसतं विचित्र वाटतं, कधी हसूही येतं.

एका बाबतीत मी टीकाकारांच्या बाजूने आहे. ओवाकीचं ते जुन्या काळातल्या गुन्ह्याचं आणि शिक्षेचं स्वप्न मला खटकतं. काहींना त्यामुळे कथेला आधार मिळाल्यासारखं वाटतं. मला वाटतं, कारण हाती आलं की ओढ तेवढी सैल पडते.

पुन्हा वाचायची असेल तर छापील प्रत घ्या. इतोच्याच 'ग्यो' या मांगाच्या दुसऱ्या खंडाच्या शेवटी ही कथा आहे, व्हिझ या प्रकाशनाच्या इंग्रजी एकत्रित आवृत्तीतही आहे. आधीची माशांची लांबलचक कथा सोडून थेट मागची पानं उघडलीत तरी काही अडत नाही.