स्लॅपस्टिक, झेनी आणि टॉमच्या घरची बाई

प्रश्न असा : ‘स्लॅपस्टिक’ला मराठीत ‘पाचकळ विनोद’ म्हणावं का, आणि जुन्या ‘टॉम अँड जेरी’तल्या मोलकरणीवर लोक आक्षेप का घेतात?

पाचकळ? मुळीच नाही. पाचकळपणा जिभेचा असतो. पंगतीत एखादे काका करतात त्या कोट्या पाचकळ. तव्याचा फटका बसून टॉमचं तोंड चपटं होतं, त्यात पाचकळ काय आहे? तरी परीक्षणं लिहिणारे हा घोळ घालतच असतात.

‘स्लॅपस्टिक’चा मूळ अर्थ कुठल्याही कोशात मिळेल : एका मुठीत बसवलेल्या दोन पातळ फळ्या, मार कमी, आवाज सणसणीत. इटलीतल्या ‘कोमेदिया देल्लार्ते’त, म्हणजे मुखवटे घालून करायच्या जुन्या विनोदी नाटकांत, ती काठी आर्लेक्कीनो या नोकर-विदूषकाच्या कमरेला असे. (आपल्या नाट्यशास्त्रातही ब्रह्मदेव विदूषकाला ‘कुटिलक’ ही वाकडी काठीच देतो. पण तो विषय काढला तर रात्र होईल.)

खरी गंमत ‘झेनी’ या शब्दात आहे. इंग्रजीत आज त्याचा अर्थ चक्रम, विक्षिप्त. मूळ ‘झान्नी’, याच नाटकांतला नोकर; ते ‘जोव्हान्नी’ या इटालियन नावाचं व्हेनिस-बेर्गामोकडचं घरगुती रूप. बेर्गामोच्या डोंगरांतून व्हेनिसला हमाली करायला गडी येत. त्यांच्या बोलीला, भुकेला, रांगडेपणाला शहर हसे. आर्लेक्कीनो त्यांच्यातलाच. मुंबईत कोकणातून आलेला घरगडी, आईबापांनी नाव काहीही ठेवलेलं असो, ‘रामा’ झाला ना? तसंच हे. काही जुने पंडित ‘झेनी’ लॅटिन ‘सान्निओ’कडे, म्हणजे तोंडं वेंगाडणाऱ्या विदूषकाकडे नेतात. नेवोत बापडे. नुसतं ध्वनिसाम्य बघणाऱ्यांना पात्राचं गाव दिसत नाही. रंगमंचावरचा झान्नी बेर्गामोची बोली बोलतो, आणखी कसला पुरावा हवा?

म्हणून माझं ठाम मत : स्लॅपस्टिकमध्ये हशा निम्मा काठीचा आणि निम्मा परगावच्या नोकराच्या बोलीचा. आता ती मोलकरीण पाहा. 1940 च्या पहिल्याच भागात ती आहे. चेहरा जवळजवळ कधीच दिसत नाही. दिसतात पाय, सपाता आणि उगारलेला झाडू. बाकी सगळं पात्र आवाजात, अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या कृष्णवर्णीय नोकराणीच्या ठोकळेबाज हेलात. तो आवाज कृष्णवर्णीय अभिनेत्री लिलियन रँडॉल्फ यांचा. 1960 च्या दशकात टीव्हीसाठी काही भागांत तिच्या जागी गोरी बाई रंगवली आणि जून फोरे यांचा आवाज घातला. हेल कुठला? आयरिश! एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतल्या श्रीमंत घरांत आयरिश मोलकरणी असत आणि त्या सगळ्यांना सरसकट ‘ब्रिजेट’ म्हणत. जोव्हान्नी, रामा, ब्रिजेट. कातडीचा रंग बदलला, नोकराचा हेल मात्र ठेवला.

हे आक्षेप म्हणजे हल्लीचं खूळ, असं म्हणणाऱ्यांनी सनावळी बघावी. युनायटेड आर्टिस्ट्स या चित्रपट कंपनीने वॉर्नर ब्रदर्सची 11 कार्टून वंशचित्रणापायी टीव्हीवरून काढली ती 1968 मध्ये. वॉर्नरच्याच कार्टूनमधला उंदीर स्पीडी गोन्झालेस मात्र माझ्या सिद्धांताला अडचणीचा : हेल मेक्सिकन, पण जिंकतो तोच, आणि लॅटिन अमेरिकी प्रेक्षकांनाही तो आवडतो.

प्रतिशब्द राहिलाच. ‘आपटाआपटीचा विनोद’ म्हणा, नाहीतर सरळ स्लॅपस्टिक म्हणा. पाचकळ तेवढं नको.