कोंबड्यांचा ढीग, आणि त्यावरच्या अफवा

पाऊस सरून थंडीची चाहूल लागली, की अंड्यांच्या कोंबड्या पाळणाऱ्यांचे फोन सुरू होतात. प्रश्न तेच ते असतात, म्हणून या वेळी काही निवडक प्रश्नांना इथेच उत्तरे देतो.

600 तलंगा (अंड्यावर येऊ घातलेल्या तरुण कोंबड्या) आहेत, 1200 चौरस फुटांची शेड, गादी पद्धत (जमिनीवर भुशाचा थर). काल सकाळी एका कोपऱ्यात 38 मेलेल्या सापडल्या. अंगावर जखम नाही. शेजारच्यांनी विष घातले असावे असे गावात म्हणतात. औषधाच्या दुकानदाराने 'स्ट्रेस'ची पावडर दिली आहे. (जुन्नर तालुका)

शेजाऱ्याशी भांडायला जाण्याआधी मेलेली कोंबडी उलटी करून पाहा. गळ्याची पिशवी भरलेली, अंग मांसल, तुरा जांभळा, पिसे दबून ओलसर झालेली, आणि सगळ्या एकाच जागी पडलेल्या: हे चित्र बहुतेकदा गुदमरून मेल्याचे असते. कोंबड्या एकावर एक चढतात आणि खालच्यांचा श्वास कोंडतो. असाच एक ढीग मी स्वतः हाताने उपसला आहे. वरच्या पाच-सात जणी पंख झाडत निघून गेल्या. खालच्या अजून गरम होत्या, पण चपट्या झालेल्या. एकीच्या पोटात कवच धरलेले अंडे होते. आजारी पक्षी असा अंड्यावर आलेला, भरल्या अंगाचा सहसा मरत नाही.

'जागा तर भरपूर आहे,' असे तुम्ही म्हणाल. हिशेबाने पक्ष्यामागे दोन फूट पडते, ठीकच आहे. पण शेड मोठी असली तरी सगळ्या एकाच कोपऱ्यात घुसल्या तर काय उपयोग? संध्याकाळी वीज गेली, कुत्रे भुंकले, तुमच्याकडे तर बिबट्याही येतो. कळप भिंतीकडे पळतो आणि कोपऱ्यात अडतो. काही वेळा तर घाबरण्यासारखे काहीच घडलेले नसते. दुपारी लिटरवर, म्हणजे भुशाच्या गादीवर, उन्हाची तिरीप पडते, दोन-चार तिथे बसतात, मागच्या येऊन त्यांच्यावर चढतात, आणि सगळे शांतपणे घडते. हे का होते याचे पक्के उत्तर कोणाकडे नाही. म्हणूनच पावडरवाल्याकडेही ते नाही. ती पावडर परत करा.

करायचे ते असे. शेडचे कोपरे जाळी किंवा प्लायवूड तिरपे लावून गोल करा. दिवे एकदम न घालवता टप्प्याटप्प्याने मंद करा, आणि वीज जाते त्यासाठी बॅटरीचा छोटा दिवा ठेवा. तिरीप येते तिथे पडदा लावा. पहिले काही आठवडे दिवसातून अनेक वेळा, विशेषतः दुपारी व संध्याकाळी, शेडमधून हळू फिरा. आणि जमाव दिसला तर ओरडू नका, सावकाश मोडा.

हे सगळे 'गुदमरल्या' असे धरून झाले, आणि ते धरण्याचा अधिकार मला या पत्रावरून नाही. मानमोडी, म्हणजे राणीखेत रोग, हीही पटापट मारते. 2006 मध्ये नवापूरला बर्ड फ्लू आढळला, तेव्हापासून तर एकदम झालेली मर दडवणे हा मूर्खपणाच. दोन-तीन पक्षी आजच जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात न्या. 'दोन दिवस बघू' म्हणणाऱ्यांचे पक्षी कुजतात आणि मग शवविच्छेदनात काहीच कळत नाही.

अंडी घालायच्या खोक्यांत रोज एक-दोन मरतात. तेही फक्त कडेच्या खोक्यात.

कडेचे खोके त्यांना आवडते, म्हणून सहा-सात जणी त्याच खोक्यात शिरतात. चार-पाच कोंबड्यांमागे एक खोके हवे, तेवढी आहेत का ते मोजा. रांगेच्या मध्ये फळी टाकून आणखी 'टोके', म्हणजे कडेची खोकी, तयार करा.

टोचाटोची होते. चोच कापणारा माणूस सांगतो, एकदा कापली की विषय संपला.

त्याचा धंदाच तो आहे. आधी प्रकाश कमी करा, खाद्यातील प्रथिने आणि मीठ तपासून घ्या, टोचायला लसूणघास किंवा कोबी टांगा, रक्त आलेली कोंबडी लगेच वेगळी करा. चोचीचा निर्णय डॉक्टरसमोर.

पिंजऱ्यात ढीग होत नाही. मग पिंजराच बरा ना?

ढीग होत नाही, खरे. पण कोंबडीला पंख पसरता येत नाहीत, धुळीत लोळता येत नाही, अंडे घालायला आडोसा नाही. युरोपीय संघाने जुन्या धर्तीचे पिंजरे 1 जानेवारी 2012 पासून बंद केले. आपल्या विधी आयोगानेही 2017 मध्ये याच विषयावर अहवाल दिला. एका जागी गुदमरते म्हणून जन्मभर कोंडायचे, हे मला पटत नाही. गुंतवणूक करण्याआधी मात्र जिल्ह्यातल्या पशुसंवर्धन अधिकाऱ्यांशी बोला.

पिल्ले ब्रूडरखाली (ऊब देणाऱ्या दिव्याखाली) गोळा होऊन मरतात.

थंडी. पहिल्या आठवड्यात 95 अंश फॅरनहाइट ठेवा, चिकगार्ड, म्हणजे पिल्लांभोवतीचे कडे, गोल लावा. तरीही मरत असतील तर डॉक्टर.

दवाखाना रविवारी बंद असतो. मेलेले पक्षी फ्रीजरमध्ये ठेवले तर?

गोठवू नका. प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत घालून बर्फाच्या डब्यात ठेवा, हात साबणाने धुवा, आणि 1962 या पशुवैद्यकीय मदत क्रमांकावर फोन करा. घरातल्या फ्रिजमध्ये तर मुळीच नको.