शेजारची लेक मिशनवर निघाली

प्रश्न : आमच्या शेजारच्या ख्रिस्ती घरातली मुलगी नर्सिंग शिकली, व्रत घेऊन कॉन्व्हेंटची सिस्टर झाली आणि आता टांझानियाला मिशनवर निघाली आहे. माझ्या मुलीबरोबर माझ्याच स्वयंपाकघरात वाढलेली पोर. तिच्या आईला जेवण जात नाही. तिथे ही दिवसभर करणार काय? ‘लोकांना बाटवायला जातात’ असं इथे काहीजण बोलतात, ते खरं का? आणि तिच्यासोबत मी काय द्यावं?
— एक वाचक, डिचोली

उत्तर : ताई, मी सावंतवाडीकडची. मराठी शाळेत शिकले, पुढे सिस्टर झाले, नर्स झाले. टांझानियाच्या दक्षिणेला म्त्वारा भागात, समुद्राजवळच्या एका मिशन दवाखान्यात 17 वर्षं होते. आता बार्देशातल्या कॉन्व्हेंटमध्ये राहते.

पहिलं वर्षभर ती मुख्यतः भाषा शिकेल. हे तिच्या आईला आधीच सांगा, कारण फोनवर पोर रडवेली वाटेल. हातात नर्सिंगचं शिक्षण, आणि समोरच्या बाईला ‘कुठे दुखतं’ एवढंही धड विचारता येत नाही! दुकानाला ‘दुका’, पैशाला ‘पेसा’, गाडीला ‘गारी’, चहाला ‘चाय’. असे ओळखीचे शब्द भेटले की वाटतं, सोपी आहे स्वाहिली. मला ती घड्याळापाशी अडली. तिकडे तास मोजतात ते सूर्य उगवल्यापासून. आपले सकाळचे सात म्हणजे त्यांचा एक, आपले आठ म्हणजे त्यांचे दोन. हे मला शिकवलेलं होतं, तरी घाईत मी एका आईला म्हटलं, उद्या ‘सा म्बिली’ला, म्हणजे दोन वाजता, बाळाला घेऊन ये. माझ्या मनात दुपारचे दोन होते. ती बरोबर आठला आली. मी तेव्हा दुसऱ्या गावी लसीकरणाला गेले होते. दोनला परतले तर ती पायरीवर बसलेली, मांडीवर तापाने फणफणलेलं बाळ. सहा तास! मला पाहून ती म्हणाली, ‘पोले ना काझी’. कामाने दमलेल्या माणसाला तिकडे असं म्हणतात. तुला फार कष्ट पडले गं, अशा अर्थाने. बाळ वाचलं. पण त्या दिवसापासून कुणालाही वेळ सांगितली की ती त्याच्या तोंडून परत वदवून घेतल्याशिवाय मी पाठवलं नाही.

बाकी दिवस म्हणाल तर साडेपाचला प्रार्थना, मिस्सा, मग टाकीत पाणी आहे का ते बघायचं, आणि दवाखाना. तपासलेल्या पोरांत मलेरिया फार. त्याच्या गोळ्या तीन दिवसांत सहा वेळा, काहीतरी खाऊन घ्यायच्या. दुसऱ्या दिवशी ताप उतरला की आई उरलेल्या गोळ्या धाकट्यासाठी जपून ठेवते. तिच्याशी भांडायचं नाही, शेजारी बसून समजवायचं. माझे कितीतरी तास यातच गेले. वीज गेली की बाळंतपण टॉर्चच्या उजेडात. पोटाला लावून बाळाचे ठोके ऐकायची लाकडी नळी तुमच्या शेजारच्या पोरीने जवळ ठेवावीच, तिला वीज लागत नाही.

आता बाटवण्याचं. ताई, गोव्यात हा प्रश्न कुणी विचारला तर मला राग येत नाही. 1560 साली इथे इन्क्विझिशन, म्हणजे धर्म मोडणाऱ्यांना शिक्षा करणारं चर्चचं न्यायालय, बसलं, देवळं पाडली गेली, माणसं देव घेऊन नदीपार गेली. ती आठवण खरी आहे आणि आम्ही ती नाकारू नये. आमच्या दवाखान्यात येणाऱ्या बायकांत मुसलमान जास्त. औषध देताना धर्म विचारणं मला पाप वाटतं, आणि दुखण्याच्या आडून कुणाला बाप्तिस्म्याकडे ओढणं तर त्याहून मोठं पाप. ज्यांना ख्रिस्ताविषयी जाणून घ्यायचं असेल ते चर्चमध्ये येत, तिथला गावचाच कातेकिस्ता, म्हणजे धर्मशिक्षक, त्यांना शिकवी. मी येशूवर विश्वास ठेवते म्हणूनच तिथे गेले, हे लपवायचं कारण नाही. कुणी विचारलं तर तेही सांगत असे.

पोर परत येईल का, ही आईची खरी भीती असणार. बाणावलीचे संत जुझे वाझ 1687 साली मजुराच्या वेशात सिलोनला, म्हणजे आजच्या श्रीलंकेला, गेले. 1711 साली कँडीत वारले, गोवा पुन्हा पाहिला नाही. तो काळ गेला. मला दर तीन वर्षांनी सुट्टी मिळायची, आणि आता तर फोनवर तोंडही दिसतं.

खाण्याची काळजी करू नका. नारळ आहे, मासे आहेत. आपल्या माठासारखी ‘मचिचा’ नावाची पालेभाजी नारळाच्या रसात शिजवतात. काजूही आहे, फक्त हंगाम ऑक्टोबरच्या सुमारास. लाडू वाटेत भुगा होतील. मीठ लावून कडकडीत वाळवलेली कोकमाची सोलं द्या, किलोभर. माझ्या मावशीने दिलेली मला दोन वर्षं पुरली होती, आणि सगळ्यात जास्त घर आठवलं ते त्या बरणीचं झाकण उघडल्यावर.

तिच्या आईला मला भेटायचं असेल तर संपादकांना कळवा. मीच डिचोलीला येईन.