शंका वाचकांच्या : प्लेटवरचा जांभळा उजेड

प्रश्न : गुडघ्याचा एक्स-रे काढला, तेव्हा कॅसेटमध्ये फिल्म नव्हती, पांढरी प्लेट होती. ‘लेझर फिरवला की ही चमकते, त्यातून फोटो निघतो,’ असं तिथल्या मुलाने सांगितलं. एमएस्सी करणारी माझी मुलगी म्हणते, स्फटिकांची रचना शोधायलाही अशीच प्लेट वापरत. चमकण्याचा आणि रचनेचा काय संबंध? आणि प्लेट पुन्हापुन्हा वापरतात, तर आधीच्या माणसाचा गुडघा माझ्या फोटोत उतरणार नाही ना? – एक वाचक, सातारा

उत्तर : मुलगी बरोबर सांगतेय. अशा प्लेटा मी प्रयोगशाळेत बरीच वर्षं हाताळल्या आहेत.

मुख्य म्हणजे, चमकतो तो तपासायचा स्फटिक नव्हे. तो साखरेच्या दाण्याहून लहान, काचेच्या बारीक काडीच्या टोकाला चिकटवलेला असतो. त्याच्यातल्या अणूंच्या रांगांमुळे क्ष-किरण ठरावीक दिशांनाच जोरात बाहेर पडतात आणि समोर ठिपके उमटतात. १९१२ साली म्युनिकमध्ये लाउए, फ्रीडरिश आणि क्निपिंग यांनी मोरचुदाच्या स्फटिकाचे असे ठिपके फोटोच्या काचेवर धरले. प्लेटवर मात्र दुसऱ्याच स्फटिकांची पूड असते: बेरियम फ्लोरोब्रोमाइड, त्यात किंचित युरोपियम. ठिपक्यांची नोंद ही पूड ठेवते.

क्ष-किरण पडले की पुडीत इलेक्ट्रॉन सुटतात आणि ब्रोमाइडचा कण जिथे नाही अशा रिकाम्या जागांमध्ये अडकून बसतात. मग साधारण ६३३ नॅनोमीटर तरंगलांबीचा तांबडा लेझर प्लेटवरून ओळीओळीने फिरतो, इलेक्ट्रॉन मोकळे होतात आणि युरोपियम ३९० नॅनोमीटरच्या आसपासचा जांभळा उजेड देतं. जांभळ्या प्रकाशाची ऊर्जा तांबड्यापेक्षा जास्त! ही वरची ऊर्जा क्ष-किरणांनी आधीच ठेवून दिलेली असते. लेझर फक्त कडी काढतो. मला याचं आजही नवल वाटतं.

रचना काढायला ठिपका कुठे आहे एवढं पुरत नाही, तो किती ठळक आहे हेही नेमकं लागतं. अणूंच्या जागा त्यावरून ठरतात. फिल्मवर ठळक ठिपके पार काळे होत आणि फिकट दिसतच नसत, म्हणून दोन-तीन फिल्म एकीमागे एक लावायच्या. प्लेट एकास लाखाचा फरक एका दमात टिपते, आणि जांभळा उजेड पडलेल्या किरणांच्या प्रमाणात निघतो.

पण उजेडाला ती फार हळवी. एका विद्यार्थिनीने तीन महिने खपून वाढवलेल्या स्फटिकाची रात्रभराची प्लेट मी सकाळी काढली. कॅसेटची खिटी नीट बसली नव्हती आणि कुणीतरी ट्यूबलाइट लावली. काही सेकंदच. स्कॅनरमधून चित्र आलं तेव्हा डावीकडची पट्टी धुतल्यासारखी कोरी होती. तिचा चेहरा मी विसरलेले नाही. सुदैवाने स्फटिक शाबूत होता, दुसऱ्या रात्री पुन्हा लावला.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर यातच आहे. वाचून झालं की प्लेट प्रखर पांढऱ्या दिव्याखाली धरतात. उरलेसुरले इलेक्ट्रॉन सुटतात आणि आधीचा गुडघा पुसला जातो. शिवाय प्लेट नुसती पडून राहिली तरी भोवतालच्या नैसर्गिक किरणोत्साराची पुसट नोंद तिच्यावर होतच असते. म्हणून दिवसभर न वापरलेली प्लेट पुन्हा एकदा पुसूनच कॅसेट रुग्णाच्या गुडघ्याखाली सरकवायची असते.